तिसऱ्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’

“शनिवारी रात्री कंडोम न लावता संबंध आला. मंगळवारी सकाळी एचआयव्हीची तपासणी केली, निगेटिव्ह आली. म्हणजे सुटलो ना?”

सत्तावीस वर्षांचा तरुण, हातात चार घड्या घातलेला रिपोर्ट. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) माझ्याकडे समुपदेशनासाठी आला तो गुरुवारी संध्याकाळी.

रिपोर्ट खोटा नव्हता, पण शनिवारबद्दल त्यात काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशीची तपासणी सांगते ती शनिवारच्या आधीची गोष्ट. प्रयोगशाळेत शिरेतल्या रक्तावर होणाऱ्या अँटिजेन-अँटिबॉडी तपासणीत संसर्ग दिसायला साधारण 18 ते 45 दिवस लागतात. बोट टोचून होणाऱ्या झटपट अँटिबॉडी तपासणीला 90 दिवस धरायचे. हाच विंडो पिरियड. मंगळवारी लॅबऐवजी तो डॉक्टरांकडे गेला असता, तर पेपची, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण रोखण्यासाठीची, औषधं सुरू करता आली असती: 72 तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि पुढे 28 दिवस रोज. ही वेळ टळली होती. ते त्याला सांगितलं, पण ठपका न ठेवता. घड्याळ कुठून सुरू होतं एवढं त्याच्या डोक्यात बसणं महत्त्वाचं.

मग कॅलेंडरवर खुणा. दोन आठवड्यांनी गनोरिया-क्लॅमिडिया या संबंधातून पसरणाऱ्या आजारांसाठी लघवीची तपासणी, त्रास काहीच नसला तरी. 45व्या दिवशी एचआयव्ही आणि सिफिलिस, सिफिलिस पुन्हा तीन महिन्यांनी. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर डॉक्टरांना याच आठवड्यात विचारायचं. तोवर रक्तदान नाही.

त्याचा जीव एचआयव्हीत अडकला होता. जोडीदार बाधित असून उपचार घेत नसली, तरी योनिमार्गाच्या एका संबंधातून पुरुषाला लागण होण्याची शक्यता सरासरी 10,000 त 4 च्या आसपास असते. हा आकडा ऐकून खांदे सैल झाले. गनोरियाच्या बाबतीत शक्यता याच्या कितीतरी पट, हे लगेच जोडावं लागलं. नाहीतर माणूस दिलासा घेऊन उठतो आणि लघवीची तपासणी राहून जाते.

“आता पुन्हा असं कधीच करणार नाही.” हे वाक्य जवळपास प्रत्येक जण म्हणतो. त्यावर विसंबून सत्र संपवलं की काम फुकट. कंडोमची माहिती त्याला पुरेपूर होती. म्हणून शनिवारची संध्याकाळ तासातासाने सांगायला लावली. कंडोम होता! बॅगेत, आणि बॅग बाहेरच्या खोलीत. तीन पेग झालेले. “उठलो असतो तर ती म्हणाली असती, विश्वास नाही का?”

अडचण दोन जागी होती: बॅगेचं अंतर आणि न सुचलेलं वाक्य. उपाय त्यानेच निवडले. त्या दिवशी कंडोम खिशात ठेवायचा, महिनोन्‌महिने पाकिटात नाही. उष्णतेने आणि घासून लॅटेक्स कमजोर होतं. आणि पहिल्या पेगच्या आधीच सांगायचं, “माझ्याकडे आहे, तो वापरूनच.” ते पाच वेळा मोठ्याने म्हणून घेतलं. पहिल्या दोन वेळा ‘वापरूनच’ला आवाज खाली गेला.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. लघवीचा रिपोर्ट स्वच्छ. वाक्य बोलून झालं होतं, कंडोम लावला होता आणि तो फाटला होता. तेल वापरलं होतं. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण चालतं. “मग एकावर एक दोन लावू?” नको, घर्षण वाढतं. लाकडी नमुन्यावर त्याला करायला दिलं: तारीख पाहिली, पाकीट दाताने फाडायला गेला तिथे थांबवलं, टोक चिमटीत धरून हवा काढली, मुळापर्यंत उलगडला. बाहेर येताना कडा धरायची, हे तो विसरलाच होता.

या वेळी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने डॉक्टर गाठले. पेपचा आज सहावा दिवस होता, थोडी मळमळ होती. जेवणानंतर गोळी चालेल का हे डॉक्टरांना विचारायचं ठरलं. गोळी चुकवायची मात्र नाही. असे प्रसंग येतच राहणार असतील तर 28 दिवसांनंतर तपासणी करून रोजच्या प्रेपवर, म्हणजे संबंधाआधीपासूनच घ्यायच्या प्रतिबंधक गोळीवर, जाता येतं, हेही बोलणं झालं. तो विचार करणार होता. कॅलेंडरवरची 45व्या दिवसाची एचआयव्हीची खूण खोडून मोजणी नव्या तारखेपासून धरली: सहा आठवडे, मग बारा.