नऊ मुलांची तुकडी आणि एकच सर

पत्र : मुलाला मशिनिस्टचा ट्रेड घ्यायचा आहे. ज्या व्यावसायिक विद्यालयात प्रवेश मिळतोय तिथे या ट्रेडला जेमतेम 9 मुले आहेत आणि वर्कशॉपला एकच सर, तेही तासिका तत्त्वावर. नातेवाईक म्हणतात, ही शाळा आज ना उद्या बंद पडेल. काय करू? – एक आई

उत्तर : ताई, नऊच्या आकड्याने घाबरू नका. चार लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या यंत्रांवर, नऊ मुले असली, तर तीन तासांच्या प्रात्यक्षिकात प्रत्येकाच्या वाट्याला एक तास वीस मिनिटे येतात. त्याच लेथवर 24 मुले आली की उरतो अर्धा तास. जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, यंत्रात मधोमध बसवून कापायचे टूल बांधेपर्यंत नवशिक्याचा तो तिथेच संपतो.

मला काळजी आहे ती एकट्या सरांची. पट कमी म्हणून पद भरत नाहीत आणि सर नाहीत म्हणून पुढच्या वर्षी मुले फिरकत नाहीत. शिवाय हातात कसब असलेल्या माणसाला कारखाना बहुधा जास्त पगार देतो, त्यामुळे तासिकेवरचे सर सत्राच्या मध्यातही सोडून जाऊ शकतात. गणिताचा तास दुसरे कुणी निभावून नेईल. फिरत्या लेथपुढे मात्र जाणत्या माणसाशिवाय मुलांना उभे करता येत नाही. मग वर्कशॉपला कुलूपच.

म्हणून फी भरण्याआधी प्रात्यक्षिकाच्या दिवशी जाऊन या, मुलालाही न्या. दुसऱ्या वर्षाच्या मुलांची जर्नल्स, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वह्या, बघायला मागा. प्रत्येक जॉबखाली तारीख, मापे आणि सही आहे का, की चार महिन्यांचे जॉब एका बैठकीत, एकाच शाईने उतरवलेत, हे लगेच कळते. लेथखाली चिप्स, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, पडलेल्या असतील तर उत्तम. (ऐन प्रात्यक्षिकाच्या वेळी चकाचक असलेल्या वर्कशॉपवर माझा विश्वास नाही.)

मुख्याध्यापकांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा. हे सर गेले तर वर्कशॉप कोण बघणार? आणि ट्रेड मध्येच बंद झाला तर आधी प्रवेश घेतलेल्या मुलांचे शिक्षण आणि परीक्षा पूर्ण करून देणार का? दुसऱ्याचे उत्तर लेखी घ्या, संकोच करू नका.

जर्नल्स नीट असतील आणि पर्यायी माणूस ठरलेला असेल, तर बिनधास्त प्रवेश घ्या. ‘बघू, करू काहीतरी’ असे ऐकू आले, तर मात्र रोज तासभर प्रवास करावा लागला तरी दोन प्रशिक्षक असलेले विद्यालय गाठा.