एमडीसोबत पकडलेल्या भावाला तुरुंगाऐवजी उपचार मिळू शकतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बावीस वर्षांच्या धाकट्या भावाला रात्री मानकापूरकडे पोलिसांनी पकडलं, खिशात एमडीची (मेफेड्रोन नावाच्या नशेच्या पावडरीची) दीड ग्रॅमची पुडी निघाली. तो दोन वर्षांपासून घेतो, घरी सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत पोलीस अशा पोरांना तुरुंगात न टाकता उपचाराला नेतात असं तुम्ही वाचलंत. नागपुरात तसं काही आहे का? आणि ओळखीचे एक वकील म्हणतात, 'पुडी त्याची नाहीच, तो घेतच नाही, असं सांगा.' तसं सांगावं का?

ताई, तुम्ही वाचलीत तशी, पोलिसांनी स्वतः चालवलेली सोय नागपुरात नाही. पण कायद्यात उपचाराची वाट आहे, आणि दीड ग्रॅमच्या प्रकरणात ती तुमच्या भावासाठी खुली आहे. ती मागावी मात्र तुम्हाला लागेल, आणि मागायची असेल तर 'तो घेतच नाही' हे वाक्य कुठल्याही कागदावर जायच्या आधी नीट विचार करा.

मी वकील नाही. व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे, आणि सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात डबा घेऊन उभ्या असलेल्या आया-बहिणींशी बोलण्यात माझे बरेच दिवस जातात. कायद्याचा शेवटचा शब्द वकिलाचाच घ्या. मी सांगते ते त्याला काय विचारायचं ते कळावं म्हणून.

सगळ्यात आधी पंचनाम्यातलं वजन बघा. मेफेड्रोनसाठी, म्हणजे एमडीसाठी, २ ग्रॅमपर्यंत 'अल्प मात्रा' आणि ५० ग्रॅमच्या वर 'व्यावसायिक मात्रा' धरतात. (गांजासाठी हेच आकडे १ किलो आणि २० किलो आहेत, म्हणून गांजाच्या केसमधला कुणाचा अनुभव एमडीला लावू नका.) अल्प मात्रेला जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन ग्रॅमच्या वर गेलं की तीच शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. दीड आणि दोनमध्ये अंतर किती कमी आहे बघा. त्यामुळे वजन प्लॅस्टिकच्या पिशवीसकट लिहिलंय की पिशवी वगळून, हे वकिलाला पहिल्याच दिवशी वाचायला लावा. पावडरीत भेसळ असेल म्हणून वजन कमी धरतील, ही आशाही ठेवू नका. २०२० च्या हीरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की भेसळीसकट पूर्ण मिश्रणाचं वजन मोजायचं.

आता मुद्द्याचं कलम. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५ चा, त्यात ६४-ए म्हणून कलम आहे. सेवनाचा (कलम २७) किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचार मागत असेल, आणि सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या रुग्णालयात ते घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवायचा नाही, असं ते कलम म्हणतं. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. नागपुरातल्या कितीतरी घरांना हे कलम ठाऊकच नसतं. पोलीस ठाण्यात ते कुणी सांगत नाही, आणि तारखेवर घाईत असलेले वकीलही दर वेळी काढत नाहीत.

म्हणूनच 'तो घेतच नाही' हा बचाव मला धोक्याचा वाटतो. ६४-ए मागायचं तर तो व्यसनी आहे हे वैद्यकीय कागदावर असावं लागतं. आज एका अर्जात 'माझा व्यसनाशी संबंध नाही' आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या अर्जात 'मला व्यसनमुक्तीचे उपचार द्या' असं झालं, तर सरकारी वकील दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतील. पुडी खरंच त्याची नसती तर गोष्ट वेगळी. पण तुम्हीच लिहिलंय की तो दोन वर्षांपासून घेतो.

याचा अर्थ त्याने पोलिसांसमोर सगळं कबूल करावं असा मुळीच नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तूफान सिंग प्रकरणात, २०२० मध्येच, सर्वोच्च न्यायालयाने एनडीपीएसखालच्या तपास अधिकाऱ्यांबाबतही हेच सांगितलं. तेव्हा कुठल्याही जबाबावर वाचल्याशिवाय सही नको. बोलायचं ते डॉक्टरशी, तेही खरं: काय घेतो, किती, कधीपासून, शेवटचं कधी घेतलं. अटकेतल्या माणसाची सरकारी डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३ तेच सांगतं. तिथेच त्याने सांगावं की मला व्यसन आहे, त्रास होतोय. एमडी सुटली की दारू किंवा ब्राउन शुगरसारखी अंगाची ओढाताण दिसत नाही. पोरगं दोन-दोन दिवस झोपून राहतं, चिडतं, आणि मग मन इतकं खाली जातं की जीव द्यायचे विचार येतात. त्याच्या बोलण्यात तसं काही आलं तर वकिलाची वाट बघत बसू नका, पोलिसांना लगेच लेखी सांगा आणि डॉक्टर मागा. दारू रोजची असेल तर तेही सांगा, कारण ती अचानक तुटली की झटके येऊ शकतात.

जामिनाचं एका वाक्यात: हे गुन्हे अजामीनपात्र आहेत असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय, म्हणजे जामीन कोर्टाकडून घ्यावा लागतो, पण कलम ३७ च्या कडक अटी व्यावसायिक मात्रा आणि काही ठरावीक कलमांनाच आहेत, अल्प मात्रेला नाहीत. मोबाइलमधल्या चॅटवरून कटाचं कलम २९ लावून त्याला एखाद्या मोठ्या साठ्याशी जोडलं असेल तर मात्र सगळा हिशेब बदलतो, ते एफआयआरमध्ये आधी तपासा.

आता कागदांबद्दल, कारण नागपुरात ही वाट बंद होते ती बहुतेक वेळा इथे. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार ओपीडीत मी एका वडिलांना पाहिलं. सेवानिवृत्त, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पोराचं आधार कार्ड. डॉक्टर केसपेपर लिहायला लागले तसे ते टेबलावर वाकून म्हणाले, "साहेब, ते एमडी-बिमडी नका लिहू ना. पोट्ट्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. टेन्शन आहे म्हणून लिहा." मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला. त्या बापाची धडपड मला पूर्ण समजते, आपल्याकडे लग्न, नोकरी, भाड्याची खोली, सगळं याच्यावर अडतं. पण त्या दिवशी कागदावर व्यसनाचं निदान आलं नसतं, तर पुढे कोर्टाला दाखवायला त्यांच्या हाती काय राहिलं असतं? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांना समजावून सांगितलं की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जच्या वापरातून येणारे मानसिक त्रासही आजारातच येतात आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन डॉक्टरवर आहे. मग निदान लिहिलं गेलं.

तुम्हीही तसंच करा. जामीन झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स किंवा छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, यातलं जे जवळ पडेल तिथे मानसोपचार विभागात जा. केसपेपरवर पदार्थाचं नाव, किती काळापासून, निदान आणि पुढची तारीख हवी. भरती केलं तर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. एमडीसाठी ब्राउन शुगरसारखी बदली गोळी नाही, त्यामुळे उपचार म्हणजे मुख्यतः समुपदेशन, झोप आणि नैराश्यावरची औषधं आणि महिनोन्‌महिने फेऱ्या. प्रत्येक फेरीची नोंद करून घ्या. तो अजून कोठडीत असेल तर उपचारासाठी रुग्णालयात नेण्याचा अर्ज वकिलाने न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे द्यावा, आणि त्यात ६४-ए चा उल्लेख स्पष्ट असावा. दोषारोपपत्र आल्यावर पुन्हा द्यावा, उपचारांचे कागद जोडून.

खटला चाललाच आणि दोषी ठरला, तरी कलम ३९ उरतं. वय, आधीचं वर्तन, प्रकृती बघून कोर्ट लगेच शिक्षा न देता, त्याच्या संमतीने, त्याला बंधपत्रावर सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला पाठवू शकतं. जास्तीत जास्त वर्षभरात उपचाराचा अहवाल घेऊन हजर व्हायचं. अहवाल चांगला असेल तर समज देऊन, तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर सोडता येतं. तेव्हाही लागतात तेच कागद.

खासगी केंद्राचा विचार असेल तर फार जपून. शहराबाहेरच्या एका केंद्रातून आणलेल्या मुलाच्या घोट्यावर साखळीचा काळा वळ मी स्वतः पाहिलाय. घरच्यांनी महिन्याचे पैसे भरले होते, फोनवर बोलू देत नव्हते, आणि शेवटी हातात आलेल्या कागदावर डॉक्टरची सही नव्हती. २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे रुग्णाला साखळीने बांधणं कुठल्याही स्वरूपात बंद आहे. नोंदणी दाखवा म्हणा, मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि कोणत्या वारी येतात ते विचारा, राहायच्या खोल्या बघू द्या म्हणा. टाळाटाळ झाली तर तिथून उठा. पोराचे हाल तर होतातच, शिवाय मान्यता नसलेल्या ठिकाणचे उपचार ६४-ए ला उपयोगी पडत नाहीत.

आता अमेरिकेबद्दल. तुम्ही वाचलेली योजना बहुधा सिॲटलची असावी. तिथे २०११ मध्ये बेलटाउन भागात सुरुवात झाली. किरकोळ मालासोबत सापडलेल्या माणसाला पोलीस अधिकारी कोठडीऐवजी थेट एका कार्यकर्त्याच्या हाती देतो, आणि तो कार्यकर्ता मग घर, उपचार, ओळखपत्र, सगळ्याच्या मागे लागतो. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर गावात २०१५ पासून माणूस स्वतः ठाण्यात जाऊन 'मला सुटायचंय' म्हणाला तर त्याला अटक न करता उपचाराची जागा शोधून द्यायला लागले. हे जमलं कारण तिथे कुणावर कारवाई करायची आणि कुणावर नाही, याची मोकळीक पोलिसांना आणि सरकारी वकिलांना आहे. आपल्याकडे एनडीपीएसचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे. माल मिळाला की गुन्हा नोंदवायचा, तिथे ठाणेदाराला सूट नाही, आणि ६४-ए चं संरक्षण आरोप लागल्यानंतरच येतं. म्हणजे पोराला आधी आरोपी व्हावं लागतं, रुग्ण नंतर.

हे मला मनापासून चुकीचं वाटतं. नागपूर पोलिसांची ड्रग्जविरोधी मोहीम 'ऑपरेशन थंडर' सुरू आहे, विक्रेते पकडले जातात, शाळा-कॉलेजात जनजागृती होते, त्याची गरज आहेच. पण कायदा न बदलताही उद्यापासून होऊ शकेल असं बरंच आहे. अल्प मात्रेत पकडलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना ६४-ए ची माहिती मराठी-हिंदीत लेखी द्यावी. ठाण्यात विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाचा आणि सरकारी मानसोपचार विभागाचा फोन भिंतीवर असावा. २०१७ च्या कायद्याचं कलम १०० पोलिसांवर आधीच बंधन घालतं की मानसिक आजारामुळे रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या माणसाला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. म्हणजे पोलिसाने माणसाला दवाखान्यात पोचवणं ही कल्पना इथे नवी नाही. रेल्वे स्टेशनजवळ सोल्युशन हुंगणाऱ्या लहान मुलांसाठी तर ती आजच वापरायला हवी. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एम्सच्या पाहणीत, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलेतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. दारू तर उघड मिळते. जिथे गुन्ह्याची भीती आहे तिथे लोक किती लपत असतील याचा अंदाज करा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न न बघता. फोन १५१००. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मन फार खचलं असेल तर टेलीमानस १४४१६. 'इतके द्या, ठाण्यातच मिटवतो' म्हणणारा कुणी भेटला तर एक रुपयाही देऊ नका. एफआयआर झाल्यावर ते त्याच्या हातात नसतं.

जमलं तर इथेच खाली लिहा: एफआयआरमध्ये कोणती कलमं लागलीत, पंचनाम्यात वजन नेमकं किती आहे, आणि पुढची तारीख कधीची आहे. भावाचं नाव किंवा ठाण्याचं नाव लिहू नका. त्यावरून वकिलाकडे नेमका कोणता अर्ज मागायचा हे मी सांगू शकेन.