डिस्चार्जची तारीख धरून बसू नका

ताई, गॅसचा भडका उडून भाजलेल्या तुमच्या मिस्टरांचा उजवा हात जखमेत बुरशी शिरल्यामुळे कोपराखालून काढावा लागला. आता तुम्ही विचारता, "डिस्चार्जला दोन वर्षं व्हायला अजून तीन आठवडे आहेत, हॉस्पिटलविरुद्ध तक्रार सावकाश केली तर चालेल ना?" अशी पत्रं सतत येतात आणि प्रत्येकात हे 'सावकाश' असतंच. नाही चालणार.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 मधली दोन वर्षांची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. म्यूकरमायकोसिसचा, म्हणजे त्या बुरशीचा, तुमचा बायॉप्सी (जखमेतला तुकडा काढून केलेली तपासणी) रिपोर्ट डिस्चार्जच्या पाच आठवडे आधीचा आहे, हात त्यानंतर चौथ्या दिवशी काढला. हॉस्पिटलचा वकील रिपोर्टचीच तारीख धरणार आणि त्या हिशोबाने तुमची मुदत पंधरवड्यापूर्वीच संपली. उपचार चालू होते, म्हणून डिस्चार्जपासून मोजा, असं म्हणता येईल. टिकेलच असं नाही. ऑपरेशनमध्ये पोटात राहिलेल्या गॉजच्या (जाळीदार कापडाच्या) एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली तक्रार मुदतबाह्य ठरवली, कारण नऊ वर्षं दुखत असूनही चौकशी केली नव्हती.

तेव्हा तक्रार याच आठवड्यात, आणि सोबत विलंब माफीचा अर्ज. त्यात 'डॉक्टर तोडगा काढतो म्हणाले' एवढंच लिहू नका. तोंडी बोलणी असोत की वकिलाची नोटीस, मुदत थांबत नाही. उशीर का झाला हे दाखवायला स्किन ग्राफ्टिंगच्या (त्वचा लावण्याच्या) तारखा, ड्रेसिंगच्या पावत्या जोडा.

निष्काळजीपणाबद्दल मी जपूनच बोलेन. जखम मोठी असेल, त्यात मधुमेह असेल, तर चांगल्या बर्न्स वॉर्डातही बुरशी होते. जखम काळी पडल्याची पहिली नोंद नर्सने कधी केली आणि तुकडा तपासायला कधी गेला, यावर बरंच ठरेल. मधले दिवस नुसत्या स्वॅबवर (जखमेवर बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यावर) काढले असतील तर तुमची बाजू बळकट. पण हे केस पेपर तुम्ही दोन वर्षांत मागितलेच नाहीत, कमाल आहे! आजच लेखी मागा, पोच घ्या. 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि ते जपून ठेवण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं. त्यांची वाट पाहत तक्रार मात्र अडवू नका.

बिल पावणेचार लाखांचं, म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग, शुल्क नाही. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. मी तरी तसा पाहिलेला नाही, तेव्हा कृत्रिम हात भरपाईच्या भरवशावर अडवून ठेवू नका. बसवून घ्या, पावत्या जपा.