अँब्युलन्सला वाट दिली, सिग्नल तोडल्याचं चलन आलं

प्रश्न : मी जुळे सोलापूरला राहतो. सिव्हिलकडे जाताना सिग्नलला पहिल्याच रांगेत थांबलो होतो. मागून 108 ची अँब्युलन्स भोंगा वाजवत आली. डावीकडे रिक्षा, उजवीकडे दुभाजक, हलायला जागा नाही. लाल दिवा असतानाच झेब्रा ओलांडून पुढे सरकलो. चार दिवसांनी बायकोच्या मोबाइलवर 500 रुपयांचं चलन आलं, कारण स्कूटर तिच्या नावावर आहे. फोटोत माझ्या मागे अँब्युलन्सच्या टपावरचा दिवा जरासा दिसतोय. मित्र म्हणतात, भरून टाक, नाहीतर लोकअदालतीत निम्म्यात मिटव. वकीलसाहेब, चूकच नाही तर का भरू?

उत्तर : भरू नका, निदान आत्ता तरी नको. चलन भरलं की तडजोड झाली, प्रकरण तिथंच मिटलं; मग अँब्युलन्सची गोष्ट ऐकायला कुणी उरत नाही. लोकअदालतीतही तडजोडच होते. तुम्ही चुकलात की नाही, याचा निवाडा तिथं होत नाही.

पण आधी मला एक सांगा. चलनासोबत दुसरा फोटो असेल, तर त्यात तुम्ही कुठे आहात? झेब्र्याच्या पुढे डाव्या कडेला थांबलेले, की चौक ओलांडून पार पलीकडे? तुमचं सगळं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे. वाट देऊन थांबला असाल, तर बाजू भक्कम आहे. वाट मोकळी झाल्यावर अँब्युलन्सच्याच मागे लागून निघून गेला असाल, तर खरं सांगतो, 500 रुपये भरून मोकळे व्हा. असे महाभाग आपल्याकडे रोज दिसतात.

तुम्ही थांबला होतात असं धरून पुढचं लिहितो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 194ई आलं. अँब्युलन्स किंवा अग्निशामक गाडी येत असताना बाजूला न झाल्यास 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे जागेवरून हलला नसतात तर दहा हजार, हललात तर पाचशे! या पेचावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 19 चा आधार घेता येतो : गुन्हेगारी हेतू नसताना, सद्भावनेनं, दुसऱ्याची हानी टाळण्यासाठी केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही. हा अपवाद मोटार वाहन कायद्यासारख्या विशेष कायद्यांनाही लागू होतो.

आता कॅमेऱ्याचं. कॅमेऱ्यावरून होणाऱ्या कारवाईसाठी ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 167ए आला. त्याची शहरांची यादी आहे, त्यात सोलापूरही आहे. या नियमानुसार यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. कॅमेरा असल्याची पाटी ठळक दिसली पाहिजे, नोटीस 15 दिवसांत निघाली पाहिजे. चलनासोबत नंबरप्लेट दिसणारा स्पष्ट फोटो, वेळ, ठिकाण, मोडलेलं कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. या प्रमाणपत्राचं महत्त्व सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये जालन्याच्या अर्जुन खोतकर यांच्या निवडणूक प्रकरणात ठामपणे सांगितलं आहे. यातलं काही राहिलं असेल तर मुद्दा जरूर घ्या, पण तेवढ्यावर चलन आपोआप रद्द होईल, अशा समजुतीत राहू नका.

कॅमेरे नकोतच, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने 2005 मध्ये सिग्नल तोडणारे टिपणारे कॅमेरे बसवलेल्या 132 चौकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आडव्या धडका सुमारे 25 टक्क्यांनी घटल्या होत्या, मागून आदळण्याचे प्रकार मात्र सुमारे 15 टक्क्यांनी वाढले होते. दंडाच्या धाकानं माणूस कचकन ब्रेक मारतो. त्याच धाकानं तो अँब्युलन्सपुढे खुंटासारखा उभाही राहील, ही माझी भीती आहे.

करायचं काय? फोटो आजच उतरवून ठेवा. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवा आणि वाहतूक शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अर्जात तारीख, वेळ, चौक लिहा आणि 'त्या वेळेचं पूर्ण चित्रीकरण जपून ठेवावं व पाहावं' अशी स्पष्ट मागणी करा. स्थिर फोटोत भोंगा ऐकू येत नाही, आणि तुम्ही पुढे जाऊन थांबलात हे चित्रीकरणातच दिसेल. चौकातला कुणी रिक्षावाला किंवा टपरीवाला साक्षीला तयार असेल, तर उत्तमच. चलन कुठल्या कलमाखाली आहे तेही पाहा. कलम 184, म्हणजे धोकादायक वाहन चालवणं, असेल तर प्रकरण हलक्यात घेऊ नका, कारण त्यात कैदेचीही तरतूद आहे.

गाडी पत्नीच्या नावावर असल्यामुळे अर्ज त्यांच्या सहीनं जाऊ द्या, सोबत तुमचं निवेदन जोडा. चालक कोण होता हे विचारल्यावर सांगणं कलम 133 नुसार मालकाचं कर्तव्य आहे, तेव्हा तुमचं नाव लपवू नका.

तक्रार फेटाळली गेली, तर न्यायालयात बाजू मांडता येते. तिथं तुम्ही स्वतः बोललात तरी चालतं. पाचशेच्या चलनासाठी माझ्यासारख्याची फी भरू नका. मात्र कलम 184 निघालं, तर कागद घेऊन या.