तलवार राहू द्या, आधी तारीख पाहा

ऑनलाइन खेळातल्या तुमच्या गिल्डमधल्या, म्हणजे खेळाडूंच्या गटातल्या, सहकाऱ्याने मांडलेल्या खेळातल्याच एका तलवारीच्या लिलावात तुमची बोली सर्वांत वरची ठरली, विक्रेत्याने चॅटमध्ये अभिनंदन केले, तुम्ही पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेने पूर्ण रक्कम पाठवली, आणि तासाभरात त्याहून मोठी बोली येताच ‘लिलाव अजून चालूच होता’ असे म्हणत त्याने तलवार दुसऱ्याला देऊन टाकली. तुमची रक्कम पुढच्या आठवड्यात परत करतो, असे तो तेव्हापासून सांगत आला आहे. ती तलवार न्यायालयामार्फत मिळेल का आणि फसवणुकीची फिर्याद करता येईल का, हे तुमच्या पत्रातले दोन प्रश्न. अशी पत्रे मला वारंवार येतात, आणि जवळजवळ प्रत्येकात विचारायला हवा तो प्रश्न राहून गेलेला असतो. पैसे पाठवून आज १६२ दिवस झाले आहेत आणि पेपालवर वाद नोंदवण्याची मुदत रक्कम दिल्यापासून १८० दिवसांची आहे. तुमच्या प्रकरणाचा निकाल या उरलेल्या अठरा दिवसांवर अवलंबून आहे.

एकाच गिल्डमध्ये आहोत, तगादा लावणे बरे दिसत नाही, म्हणून थांबलो, असे तुम्ही लिहिता. हा संकोच मला समजतो, पण त्याची किंमत तुम्ही एकट्याने मोजली आहे. ‘पुढच्या आठवड्यात’ हे उत्तर तिसऱ्यांदा आले तेव्हाच वाद नोंदवायला हवा होता. आता आजच पेपालची पावती उघडा आणि रक्कम ‘वस्तू व सेवा’ या प्रकाराने गेली की ‘मित्र व कुटुंबीय’ या प्रकाराने, ते पाहा. दुसऱ्या प्रकाराने पाठवलेल्या रकमेला खरेदीदार-संरक्षण मिळत नाही. शुल्क वाचवण्यासाठी विक्रेते नेमका तोच प्रकार मागतात आणि खरेदीदार मुकाट्याने मान्य करतात. पावतीवर पहिला प्रकार असेल, तर ‘वस्तू मिळाली नाही’ या कारणाखाली वाद नोंदवा. वाद नोंदवल्यावर वीस दिवसांच्या आत त्याचे दाव्यात, म्हणजे पेपालनेच निर्णय द्यावा अशा मागणीत, रूपांतर करावे लागते; ते न केल्यास वाद आपोआप बंद होतो आणि पुन्हा उघडता येत नाही. विक्रेता या वीस दिवसांतही गोड बोलून वेळ मागेल, तेव्हा ही तारीख लिहून ठेवा. दावा मान्य होईलच, अशी हमी मात्र मी देऊ शकत नाही.

लिलाव कधी संपला, याबाबत तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. हातोडा पडेपर्यंत बोली हा केवळ प्रस्ताव असतो आणि तोवर तो मागे घेता येतो, हे तत्त्व इंग्लंडमधल्या पेन विरुद्ध केव्ह या १७८९ च्या निकालापासून चालत आले आहे. खेळाडूंच्या लिलावात बोली मागे घेणे शिष्टाचाराला सोडून मानतात, आणि ते योग्यच आहे. पण हातोडा पडल्यानंतर विक्रेत्याने माघार घेणे ही शिष्टाचाराच्या पुढची, कराराच्या भंगाची गोष्ट आहे. अशा लिलावात हातोड्याची जागा लिलावाचा लेखी नियम घेतो. ‘शेवटच्या बोलीनंतर २४ तास नवी बोली न आल्यास लिलाव संपेल’ असा नियम होता. तुमची बोली सर्व्हरच्या घड्याळानुसार ९ वाजून १४ मिनिटांची आणि अभिनंदनाचा संदेश दुसऱ्या दिवशी ९ वाजून ५२ मिनिटांचा आहे. लिलावाच्या नियमांतल्या ‘विक्रेत्याचा निर्णय अंतिम’ या ओळीचा आधार तो घेईल, पण तो निर्णय त्याने ९ वाजून ५२ मिनिटांनी देऊन टाकलेला आहे.

नंतर त्याने नियमातले २४ खोडून ४८ केले आणि मूळ मजकुराचे छायाचित्र तुमच्याकडे नाही. पैसे पाठवण्यापूर्वी ते घेऊन ठेवण्यास दहा सेकंदही लागले नसते. तरी सर्व काही हातचे गेलेले नाही. इतर बोली लावणाऱ्यांपैकी कोणी नियम उद्धृत करून शंका विचारली असेल, तर मूळ मजकूर बदलला तरी ते उद्धृत बहुधा जसेच्या तसे राहते. ते शोधा, आणि तारीख, वेळ व टाइमझोन दिसेल असे जतन करा.

तलवारीची आशा मात्र सोडा. खेळातील वस्तूंवर खेळाडूची मालकी नसून केवळ वापराचा परवाना आहे, आणि त्या खऱ्या पैशांत विकण्यास मनाई आहे, असे बहुतेक कंपन्यांच्या अटींत लिहिलेले असते. तुम्ही नेदरलँड्सच्या निकालाचा दाखला दिला आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये रुनस्केप या ऑनलाइन खेळातील ताईत आणि मुखवटा या चोरी होऊ शकणाऱ्या वस्तू ठरवल्या, हे खरे. परंतु त्या प्रकरणात एका मुलाला मारहाण करून त्या हिरावून घेतल्या होत्या आणि खटला फौजदारी होता. तुमच्या विक्रेत्याने स्वतःच्याच खात्यातली तलवार दुसऱ्याला दिली आहे. सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगातल्या जमिनीच्या लिलावावरून झालेल्या ब्रॅग विरुद्ध लिंडेन रिसर्च या अमेरिकेतील खटल्यात २००७ साली न्यायालयाने कंपनीचे लवादाचे कलम अन्याय्य म्हणून नाकारले, पण मालकीच्या मुद्द्यावर निकाल येण्यापूर्वीच तडजोड झाली. म्हणून मागणी रकमेच्या परताव्यापुरती ठेवा.

फौजदारी तक्रारीबाबत मी सावध आहे. पैसे घेतानाच तलवार न देण्याचा हेतू होता, हे सहसा सिद्ध करावे लागते, आणि तुमच्या हकिकतीत मोह नंतर झालेला दिसतो. दिवाणी दावा शक्य असला, तरी विक्रेता दुसऱ्या देशात आहे आणि न्यायालयांची गती पाहता तारखा पडण्यातच रकमेहून अधिक खर्च होईल. खेळाच्या कंपनीकडे तक्रार केल्यास दोघांचीही खाती गोठू शकतात, हे पत्करूनच तिथे जा. पेपालने विचारले, तर व्यवहार कशाचा होता ते मात्र खरे सांगा.

गिल्डच्या चॅनलवर त्याला चोर म्हणणारा जो मजकूर तुम्ही तयार ठेवला आहे, तो टाकू नका. इतरांना सावध करायचेच असेल, तर बोलीची वेळ, अभिनंदनाची वेळ आणि रक्कम अद्याप परत आलेली नाही एवढेच लिहा, आणि तेही पेपालवरचा दावा दाखल झाल्यावर.