विश्रामबागेतला फ्लॅट की मिरजेतलं भाड्याचं घर?

नमस्कार डॉक्टर,

तुमची परिस्थिती इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात जेआर वन, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टर आहात आणि हॉस्टेलवर राहता. दीड वर्षाची मुलगी तासगावला सासूबाईंकडे आहे, मिस्टर तिथून रोज कुपवाड एमआयडीसीत ये-जा करतात. तुमच्या हातात 82 हजार येतात, त्यांच्या 38 हजार. एमबीबीएसच्या कर्जाचे 7 लाख फिटायचे आहेत, त्याचा हप्ता 15 हजार. मेडिकल ऑफिसर असताना साठवलेले 16 लाख बँकेत आहेत. सासरे म्हणतात, भाडं भरण्यापेक्षा सांगलीच्या विश्रामबागेत 50 लाखांचा टू बीएचके घ्या, सगळे एकत्र राहू. तुम्हाला वाटतं हॉस्पिटलजवळ भाड्यानं राहावं, मुलीला आणावं आणि तिच्यासाठी एक मावशी ठेवाव्यात.

माझं मत स्पष्ट आहे. आत्ता फ्लॅट घेऊ नका.

50 लाखांच्या घराला बँक साधारण 40 लाख देईल. वरचे 10 लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी कर्जात धरत नाहीत, तुमच्या नावावर घर घेऊन महिलांची एक टक्क्याची सवलत मिळाली तरी त्याचे पावणेतीन लाखांच्या आसपास जातील. पंखे, कपाटं, किचनची ट्रॉली एवढं केलं की 16 लाख संपले. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 40 लाखांचा हप्ता 34,700 बसतो. पहिल्या वर्षी तुम्ही जवळपास सव्वाचार लाख भराल आणि मुद्दल फिटेल फक्त 80 हजार. भाड्याचे पैसे वाया जातात म्हणणाऱ्यांनी हा व्याजाचा आकडाही बघावा.

कर वाचतो हा सासऱ्यांचा दुसरा मुद्दा. नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. तुम्ही दोघंही त्याच्या आतच आहात. जो कर भरायचाच नाही तो वाचणार कसा?

पण खरी अडचण वेगळी आहे. फ्लॅट घेतला तरी मावशी लागणारच. तुमच्याच पत्रात आहे की ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत सासूबाईंना द्राक्षबाग सोडून येता येत नाही. म्हणजे निम्मं वर्ष मुलगी कोणाकडे, हा प्रश्न विश्रामबागेतही तसाच राहतो. फक्त तो सोडवायला हाताशी पैसा नसतो.

हिशेब मांडू. फ्लॅट घेतला तर घरहप्ता आणि मेंटेनन्स 37 हजार, मावशी आणि स्वयंपाकाच्या ताई मिळून 18, जुन्या कर्जाचे 15. सत्तर हजार गेले, पन्नास उरले, बँकेतली शिल्लक शून्य. भाड्यानं राहिलात तर तुम्ही लिहिलेलं 13 हजार भाडं, तेच 18 आणि 15. शेहेचाळीस गेले, चौऱ्याहत्तर उरले आणि 16 लाख जागेवर.

पत्राच्या शेवटी तुम्ही बिचकत एक ओळ लिहिलीय, की मिस्टर वर्षभर नोकरी सोडून मुलीकडे बघायला तयार आहेत, पण घरात हे बोलायची सोय नाही. मला हा पर्याय फार मोलाचा वाटतो. तुम्हाला 20 दिवसांची रजा आहे खरी, पण इमर्जन्सी ड्युटीच्या दिवशी मुलीला ताप आला तर ती रजा कामाची नाही. त्या दिवशी घरी कोणीतरी आपलं हवं. भाड्याच्या घरात ते घरी राहिले तर पूर्णवेळ मावशींचा पगार वाचतो. भाडं, स्वयंपाक आणि कर्ज मिळून 32 हजार, तुमच्या एकटीच्या मानधनातून 50 हजार उरतात. फ्लॅट असेल तर उरतात 26, तेही मानधन वेळेवर झालं तर. ते महिना-दोन महिने रखडल्याच्या तक्रारी राज्यभरातले निवासी डॉक्टर करत आलेत, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. आज हा निर्णय घ्या असं मी म्हणत नाही. पण त्याची वाट घरहप्त्यानं बंद करू नका.

आता 16 लाखांचं. 5 लाख अडीअडचणीसाठी बँकेत मोकळे ठेवा. 4 लाख शैक्षणिक कर्जात भरा, आणि इथे नेहमीचा नियम मोडा. एरवी मी मुदत कमी करा म्हणतो, तुम्ही मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून मागा. तो साडेसहा हजारांच्या आसपास येईल. महिन्याला साडेआठ हजार सुटतील, त्यात मावशींच्या पगाराचा मोठा भाग निघतो. त्या पगारात घासाघीस करू नका. तुमचं मूल जिच्या हातात आहे तिला आठवड्याची सुट्टी आणि सणाला जादा पैसे द्या.

उरलेले 7 लाख घरासाठी मुदत ठेवीत. जास्त व्याजासाठी ओळखीच्या पतसंस्थेत टाकू नका. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेला ते नाही. म्हणून दोन बँकांत विभागा. दोघांचा टर्म इन्शुरन्स आणि सासू-सासऱ्यांचा आरोग्यविमा या महिन्यात करून टाका. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसींवर जीएसटी नाही.

सासऱ्यांशी बोलताना "फ्लॅट नको" म्हणू नका, "एमएस झाल्यावर" म्हणा. त्यांना नातीजवळ राहायचंय, ही इच्छा मनापासूनची आहे. मिरजेत एक खोली त्यांच्यासाठी ठेवा, बागेचं काम नसेल तेव्हा त्यांना हक्कानं बोलवा. एमएसनंतर वर्षभराची बाँडची, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा आहे, ती कुठल्या जिल्ह्यात लागेल ते आज कोणीच सांगू शकत नाही. पुढे तुम्ही जतला प्रॅक्टिस कराल की विट्याला, तेही ठरायचंय. ते ठरलं की घर बघायला लागा आणि सांगली शहरातच बघणार असाल तर 2005, 2019 आणि 2021 ला त्या गल्लीत पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.