ओएलईडीचं वेड आणि रबाळ्याची नोकरी

नमस्कार ताई,

ऐरोलीहून पाठवलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी वाशीच्या कॉलेजात टीवायबीएस्सी केमिस्ट्रीला आहे. मोबाइलच्या ओएलईडी पडद्यांसाठी (यात कार्बनी, म्हणजे सेंद्रिय द्रव्यांचे पातळ थर वीज मिळाली की स्वतःच प्रकाशतात) वीज चांगली वाहून नेणारी आणि जास्त टिकणारी द्रव्यं बनवायची, असं तिने ठरवून टाकलंय. बाबांना ती रबाळे एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या नोकरीला लागलेली हवी आहे, तर मामा म्हणतो डेटा सायन्स कर. तुमचे प्रश्न दोन: हे काम फिजिक्सवाल्यांचं नाही का, आणि त्यावर पोट भरतं का?

मामाचा सल्ला बाजूला ठेवू. तिला ज्याची ओढ नाही त्यात ढकलून काही साधणार नाही.

फिजिक्सचं म्हणाल, तर 1987 मध्ये कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कमी व्होल्टेजवर चालणारा पहिला उपयोगी ओएलईडी दाखवला. त्यातले टँग फिजिकल केमिस्ट्रीचे पीएचडी. उपकरण जुळवणं, मोजणं हे फिजिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम खरं, पण घोडं अडतं ते रेणूपाशी, आणि रेणू बनवतो केमिस्ट.

कुठे अडतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण तिचा कल खरा आहे की नुसतं आकर्षण, हे त्यावरूनच कळेल. दोन इलेक्ट्रोडच्या मधले सगळे सेंद्रिय थर मिळून साधारण 100 नॅनोमीटरच्या आसपास असतात. सिलिकॉनसारखी सलग जाळी इथे नसते; रेणू एकमेकांना सैल धरून बसलेले असतात. पावसात तुंबलेल्या गल्लीत टाकलेल्या विटांवरून माणसं जातात, तसा विद्युतभार एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. म्हणून वाहकता मुळातच कमी. ती वाढवायला थरात इलेक्ट्रॉन खेचणारा एखादा रेणू किंवा इलेक्ट्रॉन देणारा लिथियमसारखा धातू थोडासा मिसळतात. वाहकता वाढते, पण लिथियमचे अणू लहान असल्यामुळे शेजारच्या थरात सरकतात आणि तिथला प्रकाश विझवतात. एक बाजू सावरायला जावं तर दुसरी ढासळते, असा हा विषय.

उष्णतेचं तसंच. टीपीडी नावाचं विद्युतभार वाहून नेणारं जुनं द्रव्य 60 अंशांच्या पुढेमागेच मऊ पडून स्फटिक धरू लागायचं. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला फोन आठवा. मग रेणू जाडजूड करून एनपीबी आलं, ते 95 अंशांच्या आसपास तग धरतं. सगळ्यात हट्टी निळा रंग. त्याच्या प्रकाशाची ऊर्जाच इतकी जास्त की उत्तेजित रेणूची ऊर्जा विद्युतभार असलेल्या शेजारच्या रेणूवर पडली तर त्याचा कार्बन-नायट्रोजन बंध तुटू शकतो. लाल-हिरव्यासाठी इरिडियमची कार्यक्षम संयुगं फोनमध्ये कधीच आली, निळ्याला मात्र बहुतेक ठिकाणी अजून जुन्या, कमी कार्यक्षम पद्धतीवरच भागवावं लागतं.

आता रोजचं काम कसं असतं? एक रेणू बनवायचा, कॉलम लावायचा (नळीत भरलेल्या पुडीतून द्रावण सोडून घटक वेगळे करायचे), पुन्हा लावायचा, मग निर्वातात तापवून सब्लिमेशनने, म्हणजे घनाची थेट वाफ करून शुद्ध करायचा. किंचित अशुद्धी राहिली तरी उपकरणाचं आयुष्य घटतं, आणि आठवड्यांची मेहनत वाया जाते. प्रॅक्टिकलला कॉलम लावताना तिला कंटाळा येतो का, एवढं तिला विचारा. येत असेल तर पडद्याची चमक कितीही आवडली तरी हा रस्ता तिचा नाही.

पोटाचं स्पष्ट सांगतो. ओएलईडी पॅनेल बनतात मुख्यतः कोरिया आणि चीनमध्ये. ठाणे-बेलापूर पट्ट्यात त्यासाठी कुणी तिची वाट बघत बसलेलं नाही. म्हणून तिने ‘ओएलईडी’ला नव्हे, सेंद्रिय संश्लेषण आणि शुद्धीकरण या हुनराला धरावं. ते हात तयार झाले की पडद्याच्या द्रव्यांवर काम करता येतं, आणि नाहीच जमलं तर औषधं, रंगद्रव्यं, स्पेशालिटी केमिकल्स या सगळ्यांना तेच हात हवे असतात. बाबांचा क्यूसीचा आग्रहही अगदी चुकीचा नाही. एचपीएलसी हे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र नीट चालवता येणं संशोधनातही उपयोगी पडतं. घरात पैशांची निकड नसेल तर मात्र आत्ता नोकरी नको. ‘एक वर्ष करून मग शिकते’ म्हणणाऱ्या मुलींपैकी परत येणाऱ्या थोड्याच असतात.

त्याऐवजी आयआयटी जॅम, म्हणजे आयआयटींच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा. ती फेब्रुवारीत असते. त्यातून आयआयटी मुंबईला एमएस्सी मिळाली तर ऐरोली पुलावरून पवई फार लांब नाही. नाहीच मिळाली तर माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आयसीटी किंवा कलिन्याचं मुंबई विद्यापीठ. एमएस्सीच्या पहिल्या वर्षानंतर विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप घेऊन एखाद्या प्रयोगशाळेत दोन महिने काढले की पीएचडी करायची का, हे तिचं तिलाच कळेल. करायची ठरली तर नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीला महिना 37,000 रुपये मिळतात. बाबांना हा आकडा जरूर सांगा. फी भरून मिळणारी ‘नॅनोटेक्नॉलॉजी सर्टिफिकेट्स’ मात्र घेऊ नका, मुलाखतीत त्यांना कुणी विचारत नाही.

जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरात सुरू होतात. ओबीसीतून भरणार असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागेल, राज्याचं चालत नाही. सेतू केंद्रात त्यासाठी आत्ताच अर्ज करून ठेवा.